मॅडम, तुम्ही दुपारचं विचारलंत

मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी तुमची साडेअकरावाली पेशंट. नावावरून कदाचित ओळख पटणार नाही. पण आहाराचा सल्ला घ्यायला येऊन पहिल्याच भेटीत कॅलरी मोजायच्या ॲपमधल्या आकड्यांचे छापील कागद तुमच्यापुढे ठेवून "मला फक्त रात्रीचं खाणं कसं थांबवायचं तेवढं सांगा, बाकीचं सगळं मला जमतं" असं ऐकवणारी बाई तुम्ही विसरला नसाल.

जमत होतंच मला. सकाळी बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी. दुपारी काकडी आणि वाटीभर सूप. संध्याकाळी सातला चार घास, की स्वयंपाकघर बंद. आणि रात्री साडेअकराला, घर झोपलं की फ्रिजच्या उजेडात उभी मी. बिस्किटांचा पुडा आवाज न करता फोडण्याची एक कला असते, ती मला छान साधली होती. उभ्याने खाल्लेलं धरायचं नाही, असा माझा एक खासगी नियमही होता. त्यामुळे त्या कागदांवर साडेअकराचं काहीच नव्हतं, आणि तीन महिन्यांत काटा हलला का नाही याचं मला खरोखर नवल वाटत होतं!

तुमच्याआधी सल्ले कमी मिळाले नव्हते. स्वयंपाकघराला कुलूप लावा. सातनंतर पाणीसुद्धा नको. जेवलं की लगेच दात घासा. सगळं केलं. दात घासूनही खाता येतं मॅडम, चव जरा विचित्र लागते इतकंच.

तुम्ही कागद बाजूला सारलेत आणि विचारलंत, "दुपारी चारला कसं वाटतं?" मी म्हटलं, डोकं दुखतं, चिडचिड होते, पण भूक अशी लागत नाही. तुम्ही हसलात. "लागत नाही, की तुम्ही ऐकत नाही?" मला राग आला होता. मी रात्रीचं विचारायला आले होते आणि तुम्ही दुपारचंच धरून बसला होतात.

मग तुम्ही कागदावर एक घड्याळ काढलंत. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात १२ निरोगी माणसांना मंद उजेडात ठेवून त्यांची झोपायची-जेवायची वेळ रोज सरकवत नेली होती. तरी त्यांच्या शरीरातलं घड्याळ आपल्या चालीनेच चाललं: भूक सकाळी आठच्या सुमाराला सगळ्यात कमी आणि रात्री आठच्या सुमाराला सगळ्यात जास्त. म्हणजे नुसत्या कॉफीवर सकाळ काढायची ही माझी मोठी फुशारकी होती, पण त्या वेळी भूक मुळातच मंद असते. दिवसभर शरीराला उधारीवर ठेवायचं आणि वसुली रात्री, नेमकी भूक चढती असताना. वर झोप पाच तासांची. त्यावरही तुम्ही २००४ सालचा एक प्रयोग सांगितलात. १२ तरुणांना फक्त दोन रात्री चार-चार तास झोपू दिलं, तर पोट भरल्याचं कळवणारं लेप्टिन हे हार्मोन १८ टक्क्यांनी उतरलं आणि भूक चाळवणारं घ्रेलिन हे हार्मोन २८ टक्क्यांनी चढलं. दोन रात्रींत! मी वर्षभर तेच करत होते आणि वर स्वतःला 'मनाची कच्ची' म्हणत होते.

मी वादही घातला. कॅलरी त्याच, मग दिवसा खा नाहीतर रात्री. तुम्ही म्हणालात, हिशेब महत्त्वाचा आहेच, रात्री आठनंतर घासाचं विष होत नाही. पण २०२२ सालच्या एका प्रयोगात १६ जणांना तेच जेवण सुमारे चार तास उशिरा दिलं, तर त्यांना भूक जास्त लागली आणि जागेपणी खर्च होणारी ऊर्जाही कमी झाली. मी गप्प.

मधेच तुम्ही विचारलंत, झोपेतून उठून खाता का? सकाळी आठवतं का? झोपेची गोळी चालू आहे का? मला हसू आलं, तुम्हाला नाही आलं. रात्री खाण्याचा विकारही असतो, १९५५ मध्ये स्टंकार्ड नावाच्या डॉक्टरांनी त्याची पहिली नोंद केली, दिवसातल्या खाण्याचा किमान चौथा हिस्सा रात्रीच्या जेवणानंतर पोटात जाणं किंवा आठवड्यातून दोनदा तरी झोपेतून उठून खाणं ही त्याची खूण, हे मला तेव्हा कळलं. काही माणसं तर अर्धवट झोपेतच खातात. झोल्पिडेमसारख्या झोपेच्या गोळ्यांवर असं झालेलं दिसलंय. "यातलं तुमच्यात मला काही दिसत नाही. दिसलं असतं तर आधी डॉक्टरांकडे पाठवलं असतं." आणि मी उत्साहात आईलाही हेच वेळापत्रक लावते म्हटल्यावर तुम्ही कडक शब्दांत अडवलंत. ती इन्सुलिन घेते, रात्री तिची साखर खाली जाऊ शकते, तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिच्या ताटाला हात लावायचा नाही. त्या एका वाक्यासाठी आभार वेगळे.

तुम्ही दिलंत काय, तर एक साधी वही. कॅलरी लिहायच्या नाहीत. वेळ आणि भूक लिहायची, एक ते दहा. सकाळी अंडी किंवा दही, दुपारी पोटभर जेवण, चारला काहीतरी खायचंच. आणि साडेअकराला भूक लागली तर खा, पण दिवा लावून, ताटलीत घेऊन, बसून. "खाऊ नका" हे शब्द तुमच्या तोंडून मी आजतागायत ऐकलेले नाहीत.

पहिल्या आठवड्यात वजन सहाशे ग्रॅमने वाढलं. मी फोनवर काय काय बोलले ते आठवलं की ओशाळते. तुम्ही शांतपणे म्हणालात, ते मीठ आहे, पाणी आहे आणि पोटातलं अन्न आहे, दोन आठवडे काट्यावर चढूच नका.

आज पाच महिने झाले. चार किलो कमी आहेत. फार नाहीत, मला माहीत आहे. रोजचं साडेअकरा आता आठवड्यातून एखाद्या वेळी येतं. मागच्या मंगळवारी आलं होतं, अर्धा पुडा संपला, वहीत लिहिलाय. दुपारच्या रकान्यात पाहिलं तर मीटिंगमुळे जेवण राहिलेलं.

त्या रात्री नवरा पाणी प्यायला उठला. दिवा चालू, मी टेबलाशी, समोर ताटली आणि वही. वर्षभर ज्याची धास्ती होती तेच झालं. त्याने खुर्ची ओढली, एक बिस्किट उचललं आणि विचारलं, "माझंही लिहितेस का?"

वही संपत आलीये. नवी आणू की आता पुरे, ते पुढच्या भेटीत सांगा.

आपली,
साडेअकरावाली