नवऱ्याचा तळहात पाहणाऱ्या डॉक्टरताईंना

डॉक्टरताई, नमस्कार.

मी माजलगाव तालुक्यातली. गुडघ्यामागच्या लवणी खाजवून रक्ताळलेलं लेकरू घेऊन तुमच्याकडं आले होते, ती.

त्याआधी दोन वर्षं मी एकच ऐकत होते. गरोदरपणात हिनं वांगं खाल्लं, पथ्य पाळलं नाही, म्हणून लेकराला इसब. मग लेकराचं दूध बंद, अंडं बंद, शेंगदाणे बंद. मेडिकलवरची ट्यूब चोळली की आठ दिवस बरं, पुन्हा तेच, वर कातडी पातळ झाली ती वेगळीच.

तुम्ही लेकराला तपासलं अन् यांना म्हणालात, "हात दाखवा." मला वाटलं, आता भविष्य सांगता की काय! यांच्या तळहातावर रेघांचं दाट जाळं, नडग्यांवर खवल्यांसारखी कोरडी कातडी. लहानपणी दमा होता का, विचारलंत. होता. सासूबाईंच्या पहाटेच्या शिंकांवर तर आमच्या गल्लीला जाग येते.

मग कागदावर विटांची भिंत काढलीत. कातडीची भिंत धरून ठेवणारं फिलॅग्रिन नावाचं प्रथिन, त्याचा जनुक पहिल्या गुणसूत्रावर. त्यात बिघाड असला की ओल टिकत नाही, धूळ-साबण आत शिरतात; यांच्या तळहातावरच्या दाट रेघा ही त्याचीच खूण असू शकते. इसबाशी त्याचा संबंध स्कॉटलंडमधल्या डंडीच्या शास्त्रज्ञांनी 2006 साली दाखवला, हेही सांगितलंत. बिघाड असलेल्या प्रत्येकाला इसब होत नाही, अन् इसब झालेल्या प्रत्येकात तो सापडतही नाही. म्हणून महागडी तपासणी लिहिली नाहीत. आमचे पैसे वाचले, ते राहू द्या. वांग्याचा डाग गेला, ते मोठं.

यांचा चेहरा उतरलेला पाहून म्हणालात, "रंग, नाक येतं तसंच हे. कुणी मुद्दाम देत नाही."

आमच्याकडं बोअरचं जड पाणी अन् उन्हाळ्यात हवा कोरडी ठाक. त्यामुळं तुमचं सांगणं तंतोतंत पाळतो: कोमट पाण्यानं झटपट अंघोळ, अंग ओलसर असतानाच मलम, साबण जेमतेम. ट्यूब तुम्ही लिहून दिली तेवढेच दिवस. खाज पूर्ण गेली नाही, पण लेकरू रात्री झोपतं.

सासूबाई वांग्याबद्दल अजून काही बोलल्या नाहीत. मात्र लेकराला मलम लावता लावता स्वतःच्या नडग्यांनाही लावतात. डबा महिनाभर पुरत नाही.

तुमची,
लेकराची आई