फ्रेंच रेड घेताना बोर्दो सोडून दक्षिणेकडे पाहा

संपादक महोदय,

ठाण्यात काय किंवा वाशी-नेरुळला काय, वाइन शॉपमध्ये ‘फ्रेंच रेड’ मागितली की बहुधा बोर्दो या फ्रान्सच्या नामांकित वाइन-प्रदेशातली सर्वांत स्वस्त बाटली पुढे सरकवली जाते. तेवढ्याच पैशांत दक्षिण फ्रान्सची वाइन पुष्कळदा सरस मिळते. आयातशुल्क मूळ किमतीच्या टक्क्यांत लागतं, त्यामुळे तिथला एका युरोचा फरक इथे येईपर्यंत चांगलाच फुगतो. बोर्दोच्या किमतीत नावाचा भाव धरलेला असतो. लांगदॉक या दक्षिण फ्रान्समधल्या प्रदेशात तो फारसा नाही, कारण हा भाग वर्षानुवर्षं घाऊक, साध्या वाइनसाठीच ओळखला जाई. शिवाय तिथे ऊन भरपूर आणि त्रामोंतान हा कोरडा वारा घड कोरडे ठेवतो. बुरशी कमी, फवारणीही कमी. याचं मोल नाशिकच्या बागायतदाराला वेगळं सांगायला नको.

लेबलवर कोर्बिएर, मिनेर्व्हुआ (दोन्हींना १९८५ पासून एओसी, म्हणजे ठरावीक प्रदेश आणि नियमांनुसार बनलेल्या वाइनचा सरकारमान्य दर्जा), सँ-शिनियाँ किंवा फोझेर (१९८२) ही नावं शोधावीत. ‘पेई दॉक’ हे फार मोठ्या प्रदेशाचं नाव, तिथे उत्पादक पाहूनच घ्यावी. ‘व्हिएय व्हिन्य’, म्हणजे जुन्या वेली, या शब्दांना कायदेशीर व्याख्या नाही. त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. साध्या रेडच्या लेबलवरचं द्राक्षतोडणीचं साल तीन-चार वर्षांपेक्षा जुनं नको.

या वाइन ग्रनाश, सिरा, कारिन्याँ, मुर्वेद्र या द्राक्षजातींच्या मिश्रणाच्या. आगरी मसाल्याच्या मटणाबरोबर ग्रनाश जास्त असलेली बरी, कारण तिचा तुरटपणा मऊ असतो. अल्कोहोल मात्र १३.५ टक्क्यांच्या आसपास बघावं, १४.५ असेल तर तिखट आणखी झोंबतं. कारिन्याँ-मुर्वेद्रचा कडक तुरटपणा कमी तिखटाच्या, भाजलेल्या मटणाला शोभतो.

खरा घोळ दुकानातच होतो. एसी रात्री बंद, बाटल्या काचेलगत उभ्या. उष्णतेने वाइन प्रसरण पावते, बूच वर ढकललं जातं आणि चव शिजवलेल्या जॅमसारखी होते. बाटलीच्या तोंडावरच्या आवरणाखाली चिकटपणा लागला किंवा बूच वर आलेलं दिसलं, तर ती बाटली घेऊ नये. दुकानदारांनी आयात वाइनचं एक कपाट तरी थंड ठेवावं, ग्राहकांनीही तसं मागावं.

‘रेड खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला युरोपातल्या गार घरांचा. आपल्याकडच्या ३० अंशांत तीच वाइन नुसती अल्कोहोलची लागते. पाऊण ते एक तास फ्रिजमध्ये ठेवून १६ ते १८ अंशांपर्यंत आणावी. उरलेली बूच लावून फ्रिजमध्येच ठेवावी, तीन दिवस सहज टिकते.

– एक वाचक, ठाणे (पश्चिम)