शुक्रवारच्या त्या फोनबद्दल

लेस्टर,
मंगळवार रात्र

प्रिय चिऊ,

शुक्रवारी पहाटे ल्युटन विमानतळाच्या पार्किंगमधून मी तुला फोन केला आणि तुझं काहीच ऐकून न घेता तुझ्यावर ओरडले. तू 'सॉरी आई' एवढंच म्हणालीस. त्यानंतर तीन दिवस मी तुला पोर्तुगालमधून, लिस्बनहून फोटो पाठवत राहिले, पण त्या फोनचा विषय काढला नाही. फोटोंत मी हसतेय, म्हणून तुला वाटलं असेल की राग गेला. पण तो राग नव्हता, बाळा. प्रत्यक्ष बोलायला गेले तर मध्येच रडू येईल, म्हणून लिहितेय.

सहा वर्षांपूर्वीची ती पहाट तुला आठवते? तू चौदा वर्षांची होतीस. बाबांनी मला साडेतीनला उठवलं, निळी बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. "बॅग भरलीय. गाडीत बस, वाटेत सांगतो," एवढंच म्हणाले. तुला झोपेतूनच उचलून शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवलं. माझ्या वडिलांना, अण्णांना, बरं नाही, असं ते हीथ्रो विमानतळापर्यंत सांगत राहिले, आणि चेक-इन झाल्यावर कळलं की अण्णा आदल्या रात्रीच गेले होते. मला एकटीला तो प्रवास झेपावा म्हणून बाबांनी तसं केलं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्या दिवसापासून भरलेली बॅग बघितली की माझ्या पोटात गोळा येतो.

परवा तीच वेळ, तीच निळी बॅग, आणि तेच शब्द. बाबांच्या ते ध्यानातही आलं नाही. मी गाडीत बसले आणि एम वन महामार्ग लागेपर्यंत मनातल्या मनात एकेक नाव घेत होते. मामा? आत्या? तू? तू फोन उचलत नव्हतीस, कारण तुला बाबांनी बजावलेलं होतं. तुझं नाव मनात आलं तेव्हा माझे हात गार पडले. ल्युटनला गाडी थांबली, समोर डर्बीची मावशी आणि तिचा नवरा, आणि आपले गोव्याचे काका-काकू, हातात फुगे घेऊन "सरप्राईज!" म्हणत उभे. मी तिथेच कठड्यावर बसून रडले. सगळ्यांना वाटलं आनंदानं रडतेय. मग तुझा फोन लागला, आणि तू जिवंत आहेस, धडधाकट आहेस, हे कळल्याबरोबर मी तुझ्यावर ओरडले.

एवढंच सांगायचं होतं, पण लिहायला बसले आहे तर बाकीचंही सांगते, कारण या तीन दिवसांत मला पुष्कळ काही मिळालं आणि त्यात तुझाही वाटा आहे.

तू काय काय केलंस ते बाबांनी विमानात सगळं सांगितलं. ब्रेक्झिटनंतर युरोपात जायला पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला लागतो, हे तूच त्यांना सांगितलंस आणि माझ्या पासपोर्टच्या तारखा तपासल्यास. फार्मसीतली माझी शनिवारची पाळी मावशीनं माझ्या सहकारी बाईंशी बोलून बदलून घेतली. रबरी तळव्याच्या चपला घ्यायला तू सांगितलंस, आणि देवानं तुला ती बुद्धी दिली! लिस्बनचे फुटपाथ म्हणजे चुनखडीचे छोटे चौकोनी दगड, काळे-पांढरे, नक्षीत बसवलेले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी गुळगुळीत झालेत. गाव सगळं टेकड्यांवर. आपलं बिऱ्हाड ग्रासा नावाच्या भागात होतं, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तीन दिवस बाबांनी उतारावर माझा हात सोडला नाही. रस्त्यात हात धरणारा माणूस नव्हे तो, तुला माहीत आहे.

विमानतळावर पासपोर्टच्या रांगेत आमची फाटाफूट झाली. गोव्याचे काका युरोपियन लोकांच्या रांगेतून भराभर पुढे गेले आणि आम्ही मागे राहिलो. त्यांचे वडील 1961 च्या आधी मडगावला जन्मले, म्हणून काकांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळालं, आणि त्याच पासपोर्टवर ते इंग्लंडला नोकरीला आले. इतकी वर्षं तो पासपोर्ट खिशात आहे, पण तो देश त्यांनी पहिल्यांदाच बघितला. बाहेर आल्यावर काही वेळ ते बोललेच नाहीत. मग टॅक्सीत म्हणाले, "आंतोनियो कॉश्ता आधी या शहराचे महापौर होते, मग पंतप्रधान झाले. त्यांचेही वडील आमच्या मडगावच्याच घराण्यातले." ते सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता.

पण लिस्बनच का? मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "तूच म्हणाली होतीस." लग्न झाल्यावर पहिल्यांदा माहेरी रेवदंड्याला गेलो होतो, तेव्हा किल्ल्याच्या तटावर बसून मी म्हणे त्यांना म्हटलं होतं की हा किल्ला बांधणारे पोर्तुगीज ज्या गावाहून आले ते गाव एकदा बघायचंय. मला ते आठवतही नाही. त्यांनी बावीस वर्षं लक्षात ठेवलं. चिऊ, मला ते ऐकून काय वाटलं ते मी शब्दांत मांडू शकत नाही.

तुला रेवदंडा आठवतो तो अण्णांची नारळ-पोफळीची वाडी आणि समुद्र एवढाच. आमच्या लहानपणी तिथे आणखी एक जग होतं. खाडीपलीकडे कोर्लई. पूल व्हायच्या आधी आम्ही तरीतून जायचो. किल्ल्याच्या पायथ्याशी ख्रिस्ती कोळ्यांचं आणि शेतकऱ्यांचं गाव, माउंट कार्मेलच्या माउलीचं चर्च. त्या बायका रेवदंड्याच्या बाजारात भाजी आणि मासळी घेऊन यायच्या. आमच्याशी मराठी, आणि एकमेकींशी त्यांची स्वतःची बोली. तिला त्या 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. शब्द पोर्तुगीज, पण वाक्य मराठीच्या चालीवर, क्रियापद शेवटी. 1740 मध्ये पोर्तुगीजांनी चौल-रेवदंडा मराठ्यांच्या हवाली केलं आणि ते निघून गेले. भाषा मात्र त्या एका गावात राहिली, अजून आहे. अण्णा मला बाजारात त्या बायकांजवळ मुद्दाम उभी करायचे आणि म्हणायचे, "ऐक, बाळ, समुद्रापलीकडची भाषा आपल्या वजनानं बोलतायत."

म्हणून शनिवारी सकाळी ग्रासातल्या भाजीच्या दुकानात मी जी उभी राहिले, ती हलेचना. पाटीवर बटाटा लिहिलेला, तो बटाटाच. कोबीला 'कोव्ह'. अननसाला अननस, काजूला काजू. शेजारच्या भट्टीतून पावाचा वास येत होता, त्याला ते नाकातून 'पांव' म्हणतात. घराच्या किल्लीला 'शाव', आपली चावी. मावशी आणि मी मग दिवसभर तेच करत राहिलो. बादली, परात, घमेलं, पिंप, फीत, लिलाव, सपाता, इस्त्री, नाताळ. माझ्या आईच्या स्वयंपाकघरातली आणि मोरीतली अर्धी भांडी या लोकांच्या बोटीतून उतरली होती, आणि आम्ही ती इतकी आपली केली की कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. दुकानदारीण बाई वयस्कर होती. काकूंनी तिला कोंकणीतून 'जनेल' म्हणून खिडकी दाखवली, तेव्हा तिनं दोन्ही हातांनी काकूंचे गाल धरले.

लिस्बनच्या बेलें भागात आम्ही शुक्रवारीच जाऊन आलो होतो. जेरोनिमोश मठाच्या चर्चमध्ये शिरल्याबरोबर वास्को द गामाची समाधी आहे, दगडात कोरलेला माणूस हात जोडून झोपलेला. तो गेला 1524 मध्ये कोचीला, आणि त्याला पोर्तुगालला आणलं पुढे पंधरा वर्षांनी, आणि या मठात तर 1880 मध्ये. इमारत इतकी सुंदर आहे की मान दुखेपर्यंत वर बघत राहावं. पण तिथे माझं मन रमलं नाही. मिऱ्या-दालचिनीच्या व्यापारावरच्या करातून तो मठ उभा राहिला, आणि त्या व्यापारासाठी आमच्या किनाऱ्यावर काय काय झालं ते अण्णांनी मला किल्ल्यात फिरवून सांगितलेलं आहे. 1508 मध्ये चौलच्या बंदरातल्या लढाईत किती माणसं बुडाली! मी समाधीला नमस्कार केला नाही. काकांनी क्रूस केला. आम्ही दोघं एकमेकांच्या शेजारीच उभे होतो आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. नदीकडच्या चौकात गोवा जिंकणाऱ्या आफोंसो द आल्बुकेर्कचा पुतळा उंच खांबावर आहे. त्याच्याच नावावरून आपला हापूस. बाबांनी त्याच्याखाली बसून फोनवर देवगडची पेटी मागवली, तो फोटो तुला पाठवलाच आहे.

आता कार्मूबद्दल सांगते. ते सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही.

शनिवारी दुपारी बाकीची मंडळी जेवून आडवी झाली आणि आम्ही दोघंच बाहेर पडलो. जाकारांदाच्या झाडांना सगळीकडे जांभळा बहर होता, पायाखाली पाकळ्या. चालत चालत कार्मूच्या चौकात आलो. 1974 च्या एप्रिलमध्ये तिथल्याच छावणीत पोर्तुगालच्या हुकूमशाहीनं शरणागती पत्करली, आणि त्याच वर्षाअखेर त्यांनी गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं. हे काकांनी आम्हाला आधी सांगून ठेवलं होतं. चौकाला लागूनच कार्मूचा मठ आहे. कार्मू म्हणजे कार्मेल. आपल्या कोर्लईचीच माउली.

1 नोव्हेंबर 1755, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ. सगळं गाव चर्चमध्ये, जागोजागी मेणबत्त्या. भूकंप झाला, मागून नदीतून समुद्र आत आला, आणि मेणबत्त्यांनी लागलेली आग कित्येक दिवस जळत होती. कार्मूचं छप्पर कोसळलं ते त्यांनी पुन्हा पूर्ण बांधलंच नाही. आज आत गेलं की उंच उंच कमानी आहेत आणि वर नुसतं आकाश. जमिनीवर गवत.

मी आत पाऊल टाकलं आणि मी रेवदंड्यात होते. तीच छप्पर नसलेली चर्चं, तशाच भिंती, फक्त आमच्याकडे आत माड वाढलेत. अण्णांचं बोट धरून मी त्या भिंतींतून किती फिरले. तिकडची 1740 नंतर ओस पडली, इकडचं पंधरा वर्षांनी कोसळलं. मी एका खांबाच्या पायाशी बसले आणि बाबांना पहाटेचं सगळं सांगितलं. बॅगेचं, शब्दांचं, हीथ्रोचं.

ते काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळानं म्हणाले, "त्या दिवशी मी तुझी काळजी म्हणून खोटं बोललो. गाडी चालवताना सारखं वाटत होतं, आता सांगावं. सहा वर्षं तेच वाटतंय. तू कधी विचारलं नाहीस म्हणून मीही काढलं नाही." मग त्यांनी मला अण्णांच्या शेवटच्या फोनबद्दल सांगितलं. तो फोन आदल्या संध्याकाळी बाबांना आला होता, मी कामावर होते. अण्णा म्हणाले होते, पोफळीचं पीक चांगलं आलंय, पोरीला सांग. बाबांना ते इतकी वर्षं सांगवलं नव्हतं. चिऊ, मला ते वाक्य लिस्बनमध्ये मिळालं.

रात्री आल्फामा या जुन्या भागात फादू, म्हणजे तिथली विरहाची गाणी, ऐकायला गेलो. गाणं सुरू होताना दिवे मंद करतात आणि वाढपीसुद्धा जागच्या जागी थांबतात. मी बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवून ऐकलं. शब्द कळले नाहीत, आणि त्या रात्री कळायला नकोही होते.

तर आता तुला दोन गोष्टी सांगते. एक, फोनवर ओरडले त्याबद्दल मला माफ कर. तू सगळं माझ्या आनंदासाठी केलंस आणि मनापासून केलंस. दुसरी, पुन्हा असं काही ठरवाल तेव्हा कुठे जायचं ते सांगू नका, पण आदल्या रात्री एवढं सांगा की सगळे बरे आहेत आणि चांगल्यासाठी जातोय. बॅग मी माझ्या हातानं भरेन.

बाबांची साठी नोव्हेंबरात आहे. कुठे जायचं त्याचा विचार तू आणि मी शनिवारी करू, तू येतेच आहेस. बेलेंच्या त्या जुन्या दुकानातली पास्तेल, म्हणजे कस्टर्डची छोटी टार्ट, आणलीत, 1837 पासून करतात म्हणे. तुझ्यासाठी चार बाजूला काढून डीप फ्रीजरमध्ये ठेवलीत. ओव्हनमध्येच गरम कर, मायक्रोवेव्हमध्ये त्याचे पापुद्रे चिवट होतात. दालचिनीची पुडी सोबत दिलीय, ती वरून घाल.

स्टेशनवर बाबा येतील. गाडीची वेळ कळव.

तुझी,
आई