बाबा, यंदाचा गहू हार्वेस्टरनं

नायगाव, दादर (पूर्व), मुंबई

तीर्थरूप बाबा आणि आई,

साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलणं होत नाही. बाबा "बरं, ठेवतो" म्हणतात आणि आई, तू फोन घेऊन गोठ्यात जातेस, तिकडून नुसतं हूं हूं करतेस. म्हणून पत्र. आई, तू वाच आणि बाबांना ऐकव. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, त्यांना मधेच हातात घ्यावंसं वाटलं तर.

ठरलंय ते आधी सांगते, कारणं मग. यंदाचा गहू हार्वेस्टरनं काढायचा. दादानं इसार दिलाय. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तो आपल्या रानात येईल. गहू घरात आला की तुम्ही दोघांनी माझ्याकडे यायचं, बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मी घेतली आहे. आणि पुढच्या रब्बीपासून गव्हाचं रान तात्यांच्या थोरल्याला वाट्यानं द्यायचं. घर, परस, विहीर, गाय, यातलं काही कुणाला द्यायचं नाही.

बाबा, इथे उठून जाऊ नका. बसा जरा.

ऑपरेशन आधी आणि गहू मग, असं डॉक्टरांना चाललं असतं. मीच नाही म्हटलं. ऑपरेशननंतर काही आठवडे धूळ, भुसकट डोळ्यात जाता कामा नये, थेंब वेळेवर घालायचे, सुरुवातीला वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. मार्चात तुम्हाला रानापासून लांब ठेवणं कुणाला जमणार? म्हणून तुमच्याच म्हणण्याप्रमाणे आधी गहू, मग डोळा. पण गव्हानंतर कांदा आणि कांद्यानंतर लग्नसराई, असं आता नको. उजव्या डोळ्याला दोन चंद्र दिसतात हे तुम्ही मनूला गंमत म्हणून सांगितलंत. ती मला सांगताना हसत होती. मला त्या रात्री झोप आली नाही.

सोंगणी विळ्यानं, पेंढ्या बांधून मळणी यंत्रावर, ही तुमची रीत. हार्वेस्टर वरूनच कापतो, काड रानातच राहतं, गायीला काही उरत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबरच आहे. पण सोंगायला माणूस कुठे आहे? आपल्याकडे नेमकी याच दिवसांत द्राक्षाची तोड, लगोलग उन्हाळ कांदा. मजूर तिकडे जातात, तिकडे चार पैसे जास्त सुटतात, त्यांचंही चूक नाही. आणि पिकलेला गहू रानात उभा ठेवून माणसांची वाट बघत बसायचं म्हणजे रोज आभाळाकडे बघायचं. २०१४ च्या मार्चमधली गारपीट मी विसरलेले नाही. तुम्ही ओट्यावर बसून जे बोललात ते इथे लिहीत नाही. २०२२ ला पाऊस नव्हता तर ऊन असं तापलं की दाणा भरायच्या आधीच चिमला. ऊन आपल्या हातात नाही, पण आठ दिवसांचं काम एका दुपारी उरकणं हातात आहे. भुशाची सोय दादानं केली आहे. तात्यांचा गहू मळणी यंत्रावरच निघणार, त्यांच्याकडचा भुसा आपल्या गायीसाठी सांगून ठेवलाय. विहिरीकडचे दोन वाफे हार्वेस्टरवाल्याला सोडायला सांगितलेत. ते तुमच्या पद्धतीनं विळ्यानं सोंगायचे, बियाण्याला. तुम्ही बांधावर उभं राहून सांगायचं, विळा हातात घ्यायचा नाही.

आता वाट्याचं. तुम्हाला कुळाची धास्ती आहे. आपल्याला ही जमीन कूळ कायद्यानंच मिळाली, आणि कसणारं कूळ मालक ठरलं ती १ एप्रिल १९५७ ही तारीख आजोबा आमच्याकडून पाठ करून घ्यायचे. कसणाऱ्याची जमीन कशी होते हे आपल्या घराइतकं कुणाला कळणार? म्हणूनच दादानं वकिलांना विचारल्याशिवाय शब्द दिला नाही. करार एका वर्षाचा, लेखी, साक्षीदारांसह. खर्च निम्मा, गहू निम्मा. सातबारा तुमच्या नावावर आहे आणि तुमच्याच नावावर राहणार. तात्यांचा थोरला तुमच्या अंगाखांद्यावर वाढलाय, पेरायच्या आधी तो तुम्हालाच विचारायला येणार. लोकवन पेरायचा की निफाडच्या गहू संशोधन केंद्राचा नवा वाण, पेरणी नोव्हेंबरच्या पंधरा तारखेच्या आत की पुढे, हे तुम्हीच सांगायचं. फक्त रात्रीचं बारं देणं, गव्हाला पाणी भरणं, तुमच्याकडे राहणार नाही.

खरं तर सगळं त्या रात्रीच्या बाऱ्यावरून सुरू झालं. मुकुटमुळं फुटताना, कांडी धरताना, फुलोऱ्यात आणि दाण्यात चीक भरताना गव्हाला पाणी चुकवायचं नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत. पण त्या पाळ्यांना लाईट रात्रीची असते, थंडी निफाडची असते आणि उसातून बिबट्या केव्हा बाहेर येईल याचा नेम नाही. अशात एका डोळ्यानं धड न दिसणारा माणूस बॅटरी घेऊन एकटा बांधावरून चालतो. बाबा, जानेवारीत तुम्ही पाटात घसरलात ते मला तात्यांच्या सुनेकडून कळलं. आई, तूही बोलली नाहीस. मी रागावलेले नाही. तुम्ही दोघं एकमेकांना सांभाळून घेता हे बघतच मी मोठी झाले. पण मी दोनशे किलोमीटरवर आहे, आणि थंडीत रात्री जाग आली की घड्याळ बघते आणि मनात म्हणते, आता बारं चालू असेल.

आई, आता तुझं. परस सोडून कशी येऊ, हे तू म्हणणार, तेही ऐन आत्ता. शेवगा शेंगांनी लगडलेला, मोगऱ्याला कळ्या, लिंबाला मोहोर, गवार-भेंडीची रोपं वीतभर झालेली. मला सगळं दिसतंय. दादा पुढच्या रविवारी येऊन टाकीपासून ठिबकच्या नळ्या टाकणार आहे, प्रत्येक झाडाच्या बुडाशी एक. तात्यांच्या सुनेनं सकाळी एकदा तोटी सोडायची, एवढंच. मोगऱ्याला जास्त, कढीपत्त्याला कमी, तुझ्याच तोंडचं मी तिला कागदावर लिहून दिलंय. तुळशीला ती स्वतः तांब्यानं घालेल. शेंगा झाडावर जून करू नकोस, निघायच्या आधी उतरव आणि चार घरी दे. पाखरांच्या परळात पाणी घालायचंही तिला सांगितलंय. गाय तात्यांच्याच गोठ्यात राहील. ती त्या घरची माणसं ओळखते, दूध चोरणार नाही.

कुरडयाही राहणार नाहीत. फाल्गुनात कुरडया झाल्या नाहीत तर तुझा जीव थाऱ्यावर राहत नाही, पण बारा किलोचा घाट यंदा घालायचा नाही. तीन दिवस गहू भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक गाळायचा, निवळ काढायची, आणि मग चुलीपुढे उभं राहून तो घट्ट चीक ढवळायचा. तुझ्या उजव्या खांद्याला ते आता झेपत नाही. दोन किलो गहू आपण इथे भिजवू. सोसायटीच्या गच्चीची किल्ली मी मागून ठेवली आहे. मुंबईची हवा दमट, आपल्याकडच्यासारख्या एका उन्हात वाळायच्या नाहीत, दोन-तीन उन्हं जास्त लागतील, कबुतरंही हाकलावी लागतील. पण ढवळायला मी आणि राखणीला मनू. गरम चीक वाटीत घेऊन दूध-साखर घालून तिनं अजून खाल्लेलाच नाही, ते आजीच्या हातूनच व्हायला हवं.

इथे तुमची आबाळ होणार नाही. खोली मागच्या बाजूची दिली आहे, रस्त्याचा आवाज येत नाही, खिडकीबाहेर बदामाचं झाड आहे. बाबांना गादी नको असते म्हणून नुसती खाट आणि वर सतरंजी. संडास कमोडचा आहे, शेजारी धरायला दांडी बसवून घेतली. लिफ्ट आहे. ती बंद पडली तरी तिसराच मजला. पाणी सकाळी येतं पण टाकी भरलेली असते, आई, तू पहाटे उठून हंडे भरायला लागू नकोस. पिठाची गिरणी बिल्डिंगच्या खालीच आहे, गिरणीवाला आपला गहू वेगळा दळतो. बाजरी संपत आली तरी मी भाकरी बंद केलेली नाही. चहात गवती चहा घालायचा असेल तर तुझ्या बांधावरचंच एक ठोंब घेऊन ये, कुंडी तयार आहे.

बाबांना करमणार नाही ही माझी खरी काळजी. तर असं करू. सकाळी उजाडताना पाच उद्यानांपर्यंत चालत जायचं, जवळच आहे. पारशी कॉलनीतल्या महोगनींची पानं या दिवसांत गळतात आणि लगेच तांबूस पालवी येते, आपल्या पिंपळासारखी. कोकीळ इथेही ओरडतो आणि तांबट दिवसभर ठोकत असतो. परत येताना मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय वाटेवरच आहे, १८९८ पासूनची संस्था. डोळा बरा झाला की तिथे सगळी वर्तमानपत्रं वाचा, बाजारभावासकट. तोवर मी वाचून दाखवेन. रोज संध्याकाळी तात्यांना फोन लावून देईन, रानाचं काय ते तुम्ही त्यांनाच विचारा, मी मधे बोलणार नाही.

बाबा, परवा मनूनं विचारलं, गहू पिकला हे कसं कळतं? मी तिला तुमचं सांगितलं. ओंबी तोडायची, दोन्ही तळहातांत चोळायची, फुंकर घालून फोल उडवायचं आणि दाणा दाताखाली धरायचा. कट् असा आवाज आला तर सोंगणी, दबला तर अजून चार दिवस. हे सांगताना तुमचे हात डोळ्यापुढे आले, अंगठ्याजवळची ती चीर, तिच्यात अडकलेलं कुसळ. तळहातावर उरलेले दाणे तुम्ही माझ्या तोंडात टाकायचात. मी ते शाळेपर्यंत चावायचे, चावून चावून त्यांचा चिकट गोळा व्हायचा आणि वर्गात बाई विचारायच्या, तोंडात काय आहे. मला तेव्हा वाटायचं, सगळ्यांचेच बाबा असे रोज सकाळी रानातून काहीतरी तोंडात घालायला आणतात. तुम्ही सायकलच्या दांडीवर बसवून नांदूरमध्यमेश्वरला पाखरं दाखवायला न्यायचात तेही आठवलं. तेव्हा ते जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत वगैरे काही नव्हतं, ते २०२० साली जाहीर झालं. थंडीत पाण्यावर इतकी बदकं असायची आणि तुम्ही लांबूनच एकेकाचं नाव सांगायचात. पुढच्या थंडीत आपण सगळे जाऊ. तेव्हा तुम्हाला ती नीट दिसायला हवीत, एवढंच माझं मागणं आहे.

तुम्हाला वाटेल, पोरांनी परस्पर ठरवलं. विचारलं असतं तर तुम्ही "बघू पाडव्यानंतर" म्हणाला असतात, म्हणून आधी ठरवलं आणि आता सांगतेय. रागावायचं असेल तर माझ्यावर रागवा, दादावर नको. तो फोनवर बोलताना दोनदा गप्प झाला. तुम्ही पेरलेल्या रानात दुसऱ्यानं पाभर घालायची हे त्यालाही सोपं नाही.

आता नीट ऐका. हार्वेस्टर येईल त्या दिवशी बाबांनी गॉगल आणि तोंडाला उपरणं बांधूनच बांधावर जायचं. त्या गव्हात ओल राहते, तो थेट कोठीत भरायचा नाही. ताडपत्रीवर दोन-तीन उन्हं द्यायची, दाणा कटकन फुटला की मगच कोठीत. कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवलेलाच घाला. दोन पोती मुंबईला टेम्पोनं येतील, बाबांनी पोत्याला हात लावायचा नाही. आई, आधारकार्ड, जुन्या चष्म्याचे नंबर आणि गोळ्यांची चिठ्ठी एका पिशवीत घाल, ती पिशवी तुझ्या हातात ठेव. तुझा पितळेचा सोऱ्या घ्यायला विसरू नकोस, इथला स्टीलचा अडकतो. मी आदल्या दिवशी येतेच आहे. नाशिकरोडहून सकाळच्या पंचवटीची तिकिटं काढली आहेत, दादरला हे घ्यायला येतील.

तुमची,
बेबी

ता. क. ऑपरेशनआधी साखर आटोक्यात लागते, नाहीतर डॉक्टर तारीख पुढे ढकलतील. होळीला बाबांना पुरणपोळी एकच, तीही दुधाबरोबर नको, तुपाबरोबर. आई, तू दुसरी वाढशील हे मला माहीत आहे. वाढू नकोस.