चित्रातली रवी आणि खरी रवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नात पावणेदोन वर्षांची झाली म्हणून अप्पा बळवंत चौकातून अक्षरांचा तक्ता आणला. ऐ ऐरणीचा, औ औताचा, अगदी माझ्या लहानपणीचीच चित्रं, पण कोथरूडच्या फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या पोरीला ऐरण दाखवू कुठं? घ घराचा, तर त्याला उतरतं लाल छप्पर आणि वर धुराडं. असलं घर आमच्या अख्ख्या गल्लीत नाहीये, त्यामुळं ती आमच्या बिल्डिंगला घर म्हणतच नाही, कोपऱ्यावरच्या देवळाला म्हणते.

दुसऱ्या एका पुस्तकात मात्र ताक घुसळायची रवी होती. बोट ठेवून चार-पाच वेळा "ही रवी" म्हटलं, आमच्याकडे ताक मिक्सरमध्ये होतं त्यामुळं खरी रवी तिनं पाहिलेलीच नव्हती, आणि दोन दिवसांनी मी माळ्यावरची लाकडी रवी काढली तर पोरगी ओरडली, "लवी!" मला काय आनंद झाला म्हणून सांगू! नंतर वाचलं की 2004 मध्ये अमेरिकेत दीड-दोन वर्षांच्या मुलांवर जवळपास हाच प्रयोग झालाय, अंडी फेटायच्या तारेच्या रवीचं नाव फक्त चित्रावरून शिकवलं, मग चित्र आणि खरी वस्तू दोन्ही समोर ठेवून ते नाव विचारलं, तर नुसत्या चित्राकडे बोट करणारी मुलं जवळपास नव्हतीच. नाव वस्तूचं असतं हे एवढ्याशा जिवाला कळतं, मग आपण त्याला भलतीच चित्रं का दाखवायची?

आणि एका शब्दाला एकच चित्र पुरत नाही हो. कुत्र्याचं एकच चित्र पाहिलं म्हणून ती शेळीलाही भूभूच म्हणायची, चार वेगवेगळी कुत्री दाखवली तेव्हा कुठं फरक पडला.

मोबाईल हातात देऊन हे होत नाही. 2010 मधल्या एका अभ्यासात 12 ते 18 महिन्यांच्या बाळांना महिनाभर शब्द शिकवायचा व्हिडिओ दाखवला, ती न बघणाऱ्यांपेक्षा काही फारसं जास्त शिकली नाहीत, सगळ्यात जास्त शिकली ती ज्यांच्या आईबाबांनी तेच शब्द रोजच्या बोलण्याखेळण्यात वापरले ती.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत बालगोपाळांसाठी अर्धं पान तरी द्या ना, एका वेळी एकच वस्तू, तिची तीन-चार चित्रं, खाली ठळक नाव. पोळपाट, सुपली, दोडका, पीएमपीची सिटी बस. दोडक्याचं पान आलं की मी ते घेऊन नातीला मंडईत नेणार आहे.

एक आजी, कोथरूड, पुणे