अवतरणातली तीन टिंबे

आर्वी, जि. वर्धा

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

सामूहिक वनहक्कांवरचा तुझा इंग्रजी अहवाल वाचला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये मिळालेल्या सामूहिक वनहक्कापासून तू केलेली मांडणी पक्की आहे. परंतु त्यात जागोजागी दिलेल्या टिंबांविषयी (...) सविस्तर लिहिणे मला गरजेचे वाटते, कारण एका ठिकाणी त्यांच्यामुळे अहवालाची विश्वासार्हताच धोक्यात येते.

ते ठिकाण म्हणजे २००६ च्या वनहक्क कायद्यातील कलम ३(१)(आय). सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन किंवा व्यवस्थापन करण्याचा हक्क त्यात दिला आहे, पण जी वनसंपत्ती लोक शाश्वत वापरासाठी परंपरेने राखत आले आहेत तिच्यापुरताच. तू ‘वनसंपत्ती’पाशी तीन टिंबे देऊन ही अट गाळलीस, त्यामुळे हक्क वाटेल त्या जंगलावर आहे असा अर्थ निघतो. मधला मजकूर गाळला आहे एवढेच टिंबे सांगतात. अर्थ बदलण्याची मुभा ती देत नाहीत. शिवाय ही अट गावाच्याच बाजूची आहे, कारण पिढ्यान्‌पिढ्या जंगल राखले हाच गावाचा मोठा पुरावा. गाळायचेच असेल तर ‘पुनर्निर्माण, संवर्धन’ हे शब्द गाळ. वाक्य शाबूत राहील आणि अटही.

टिंबे तीनच हवीत. ‘शिकागो मॅन्युअल’ ही इंग्रजी लेखनाची नियमपुस्तिका टिंबांमध्ये जागा सोडायला सांगते, तर असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या पद्धतीत ती सलग लिहून दोन्ही बाजूंना जागा सोडतात; तू कोणतीही एक पद्धत धर आणि शेवटपर्यंत पाळ. पूर्ण वाक्यानंतरचा मजकूर गाळलास, तर आधी त्या वाक्याचा पूर्णविराम येतो, म्हणून तिथे चार टिंबे दिसतात. अवतरणाच्या आरंभी आणि शेवटी ती बहुधा लागत नाहीत. मुळातच टिंबे असतील, तर आपली टिंबे चौकटी कंसात घालावीत.

सोबतच्या अर्जात ‘विनंती आहे’ या अर्थाच्या वाक्यापुढे तू पाच-सहा टिंबे ओढली आहेस. घरच्या पत्रात ती चालतील, पण इंग्रजी अर्जात त्यांमुळे लिहिणारा अडखळतो आहे किंवा काहीतरी सुचवून थांबला आहे असे भासते, आणि ग्रामसभेची मागणी तर ठाम आहे. तिथे पूर्णविरामच दे. ग्रामसभेच्या वृत्तांतात मात्र म्हातारबांचे बोलणे आपोआप विरत गेले, तिथली टिंबे योग्य आहेत; पुढे कोणी त्यांना मध्येच तोडले, तिथे डॅश हवा.

कलमाचे अवतरण मूळ कायद्याशी शब्दशः ताडून मला पुन्हा पाठव. अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात जाण्यापूर्वी मी तो एकदा वाचीन.

तुझा,
वसंता