तीन ग्लास, तीन बशा आणि तुम्ही

प्रिय दादा,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "सोड रे" म्हणून विषय बदलता, म्हणून आता लिहूनच टाकतोय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं उघड लिहितोय, कारण तुम्ही मला जे शिकवलंत ते शिकवणारं माणूस प्रत्येकाला भेटतंच असं नाही.

तुम्ही वरचा फ्लॅट सोडून जाण्याच्या आदल्या आठवड्यातली ती संध्याकाळ आठवतेय ना? टेबलावर तीन ग्लास, प्रत्येकावर एक बशी झाकलेली. दोन बर्बन, म्हणजे अमेरिकेतली मक्याची व्हिस्की, आणि एक राय, म्हणजे राय नावाच्या धान्याची, आणि मला फक्त राय कुठली ते सांगायचं होतं. मी तिन्ही हुंगले, तिन्ही चाखले, परत पहिला चाखला आणि अगदी खात्रीने चुकीच्या ग्लासवर बोट ठेवलं. तुम्ही हसला नाहीत, "कशावरून वाटलं" एवढंच विचारलंत. मी म्हणालो ही जास्त तिखट लागली. मग तुम्ही तिन्ही बाटल्या पुढे ठेवल्यात, मी दाखवलेली बर्बन 50 टक्के अल्कोहोलची होती आणि राय होती 45 ची. म्हणाला होतात की तुला लागली ती दारूची धग, धान्याचा तिखटपणा वेगळा, धग जिभेला आणि घशाला लगेच कळते पण राय घोट गेल्यावर मागून येते. त्या एका वाक्यावर मी पुढचं वर्षभर बसलोय असं म्हटलं तरी चालेल.

पण सुरुवात त्याच्या बरीच आधीची. तेव्हा माझं काम घरूनच चालायचं, लॅपटॉप रात्री आठ साडेआठला बंद व्हायचा पण डोकं बंद व्हायचं नाही, मग मोठ्या ग्लासात काठोकाठ बर्फ, व्हिस्की, वरून कोला आणि हातात फोन. पहिला ग्लास कधी संपला ते कळायचं नाही, दुसरा मी भरलाय हेही अर्धा झाल्यावर लक्षात यायचं. बाटलीवर काय लिहिलंय ते मी कधी वाचलंच नव्हतं. तुम्ही एकदा शिडी परत द्यायला आलात आणि ते सगळं बघितलंत, आणि एक शब्द उपदेशाचा बोलला नाहीत याबद्दल खरंच मनापासून आभार, कारण तेव्हा कुणी उपदेश केला असता तर मी दार लावून घेतलं असतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही एक छोटी बाटली पाठवलीत, त्यात मोजून 60 मिली बर्बन आणि बाहेर चिकटवलेल्या कागदावर तुमचं अक्षर, "आज एवढीच. पण अर्धा तास लागला पाहिजे. फोन दुसऱ्या खोलीत."

अर्धा तास फार मोठा असतो दादा. पहिल्या दिवशी मी दहा मिनिटांतच संपवली. पण चौथ्या का पाचव्या वेळी काहीतरी झालं, ग्लास नुसता हातात धरून बसलो होतो आणि वास बदलला. आधी नुसती स्पिरिटची झणझण होती, नंतर व्हॅनिला, मग जळक्या साखरेसारखं काहीतरी, आणि अगदी शेवटी ओल्या लाकडाचा वास. मी धावत वर आलो होतो तुम्हाला सांगायला, अनवाणी.

तेव्हा तुम्ही पिंपाची गोष्ट सांगितलीत आणि माझ्यासाठी सगळं उलगडलं. बर्बनमध्ये मका कमीत कमी 51 टक्के लागतो हे वाचलेलं होतं, पण खरा खेळ लाकडाचा आहे हे माहीत नव्हतं. दर वेळी नवंकोरं ओकचं पिंप, आतून आगीने जाळून कोळसा केलेलं, आणि सगळ्यात जास्त जाळतात तेव्हा त्याला मगरीच्या पाठीसारखे तडे जातात. भट्टीतून येणारी व्हिस्की पाण्यासारखी बिनरंगी असते आणि बाटलीतला तो सगळा तांबूस रंग फक्त त्या लाकडाचा, कारण बर्बनमध्ये वरून रंग किंवा चव घालायला कायद्यानेच बंदी आहे. अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या उन्हाळ्यात गोदाम तापतं तशी व्हिस्की लाकडात शिरते, थंडीत परत बाहेर येते, आणि लाकडातलं लिग्निन तुटून व्हॅनिलिन होतं ते सोबत घेऊन येते. म्हणजे मला आलेला व्हॅनिलाचा वास खरा होता, माझ्या मनाचा खेळ नव्हता! हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो अजून जशाच्या तसा आठवतोय. दर वर्षी काही टक्के व्हिस्की पिंपातून उडून जाते, तिला देवदूतांचा वाटा म्हणतात, तेही तेव्हाच सांगितलंत. आणि एकदा वापरलेलं पिंप बर्बनला परत चालत नाही म्हणून ते पुढे स्कॉचवाल्यांकडे जातं. एवढं सगळं माहीत झाल्यावर कोला ओतायला हातच उचलला नाही, कुणी नको म्हणायची गरजच पडली नाही.

पिण्याची पद्धत तर तुम्ही अगदी हाताला धरून शिकवलीत. ग्लासात नाक खुपसायचं नाही, हनुवटीपाशी धरायचा आणि तोंड जरासं उघडं ठेवून वास घ्यायचा म्हणजे नाक झोंबत नाही. पहिला घोट मोजायचा नाही, तो नुसता तोंडाला ओळख करून द्यायला, मत बनवायचं ते दुसऱ्या घोटावर. पाणी चमच्याने, दोन चार थेंब, परत वास, परत दोन थेंब. 50 टक्केवाल्या बाटलीला पाणी लागतंच, त्यात कमीपणा नाही, उलट पाण्याने ती मोकळी होते हे मी आता दुसऱ्यांना सांगत असतो. बर्फाबद्दल मात्र मी तुमच्याइतका कडक नाही, दमलेल्या दिवशी एक मोठा खडा टाकतो, गोडवा थोडा दबतो पण चालतं मला. घोट गेल्यावर छातीत जी ऊब पसरते तिला केंटकीची मिठी म्हणतात हे सांगताना तुम्ही स्वतःच्या छातीवर हात ठेवला होतात.

आणि हे सगळं तुम्ही स्वतः न पिता शिकवलंत. मला हे कळायला चार महिने लागले याचं अजून वाईट वाटतं. मला वाटायचं तुम्ही हळू पिताय. डॉक्टरांनी बंद करायला सांगितल्यापासून तुम्ही फक्त हुंगत होतात, ग्लास फिरवायचात, डोळे मिटायचात, काय काय आहे ते सांगायचात आणि ग्लास तसाच खाली ठेवायचात. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "अर्ध्याच्या वर मजा नाकातच असते, ती तर कुणी बंद केली नाही." दादा, मी त्या रात्री घरी येऊन बायकोला हे सांगताना मध्येच थांबलो होतो.

रायकडे मी उशिरा आलो, तेही तुमच्यामुळेच. बर्बन पटकन जवळ घेते, रायला वेळ द्यावा लागतो. गव्हाच्या नात्यातलंच धान्य, अमेरिकेतल्या राय व्हिस्कीत तेही कमीत कमी 51 टक्के, पण चव कोरडी, मिरी, लवंग, कधी पुदिन्यासारखं गार काहीतरी, आणि 95 टक्के रायवाल्या बाटलीत तर मला चक्क शेपूचा वास येतो. जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्ननच्या शेतावर 1797 मध्ये डिस्टिलरी सुरू झाली आणि तिथली व्हिस्की 60 टक्के रायची होती, 1799 साली जवळजवळ 11,000 गॅलन काढली, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला आधी पटलंच नव्हतं, कारण माझ्या डोक्यात अमेरिका म्हणजे बर्बन. पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड हा सगळा रायचा मुलूख, आणि 1920 ते 1933 च्या दारूबंदीनंतर तो असा काही मागे पडला की राय पुढे कित्येक वर्षं दुकानातल्या खालच्या फळीवर धूळ खात होती. आता परत आलीय याचा मला मनापासून आनंद आहे. माझं मत विचाराल तर डोकं जड झालेल्या संध्याकाळी राय बरी, बर्बनचा गोडवा तेव्हा नको वाटतो.

लेबल वाचायलाही तुम्हीच शिकवलंत. आधी प्रूफ, म्हणजे अल्कोहोल किती ते, आणि वय बघायचं, सोनेरी अक्षरं नंतर. स्ट्रेट लिहिलं असेल तर निदान दोन वर्षं पिंपात, चारच्या आत असेल तर वय लिहावंच लागतं. बॉटल्ड इन बाँड असेल तर एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, निदान चार वर्षं सरकारी देखरेखीतल्या गोदामात राहिलेली आणि बरोबर 50 टक्के, हा कायदा 1897 चा, भेसळ फार माजली होती म्हणून केलेला. मी अजूनही नवीन बाटलीत आधी तेच शब्द शोधतो, आणि त्याने फसलोय असं एकदाही झालेलं नाही. ओल्ड फॅशन्ड हे कॉकटेल पण तसलीच राय घेऊन करतो, थोडी साखर, दोन थेंब बिटर्स म्हणजे तो कडू अर्क, संत्र्याची साल वरून पिळून, बस.

आता आमच्याकडे आठवड्यातून दोनच संध्याकाळी ग्लास निघतात, तेही एक फार तर दोन, शेजारी पाण्याचा तांब्या. बाकीच्या दिवशी काही वाटतही नाही. बायको पीत नाही पण हुंगते, वहीत तिच्या नोंदी माझ्यापेक्षा चांगल्या असतात. एका बर्बनपुढे तिने लिहिलंय, "नवीन पेटी उघडल्यावर येतो तो वास." मी तीन आठवडे त्याच शब्दाच्या शोधात होतो.

तर परवा शनिवारी तिने न सांगता टेबल मांडलं. तीन ग्लास, तीन बशा. मला खोलीबाहेर ठेवून तिने ओतलं, एकात 50 टक्केची बर्बन, एकात मक्यासोबत रायऐवजी गहू घातलेली मऊ बर्बन आणि एकात राय, मुद्दाम 45 ची, कारण तुमची ती गोष्ट तिला पाठ आहे. मी बसलो. पहिल्या ग्लासवरची बशी उचलली, मका, कॅरमेल, धग. दुसऱ्यात गोडसर, गोल, कुठेच टोचत नाही असं. तिसऱ्याची बशी अर्धी सरकवली आणि तुमच्यासारखे डोळे मिटले, हळूच मिरी आली आणि तिच्या मागून ते हिरवं, शेपूसारखं. मी बशी परत झाकली आणि म्हणालो ही. तिने बाटली पुढे ठेवली.

एकही घोट न घेता ओळखली दादा. ती बाटली अर्ध्याच्या वर भरलेली आहे, उन्हापासून लांब, कपाटात उभी ठेवलीय. तुम्ही याल तेव्हा तुमचा ग्लास हुंगायला तयार असेल, आणि या वेळी बशा मी झाकणार.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा